प्राणिशास्त्राकडून तत्त्वज्ञानाकडे : माझा अनुभव

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. उत्क्रांतीचे अभ्यासक अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेली प्रजातीची व्याख्या मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे : ज्यांच्यात आपापसांत प्रजनन होते आणि इतर समूहांशी होत नाही, अशा जीवांचा समूह म्हणजे प्रजाती. एकदा ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहायला गेलो असताना, धाकटा रोहित मुख्यतः नील-हरित शेवाळ खातो, असे मी सांगितले. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ते शेवाळ तर पेशी दुभंगून वाढते, मग त्याची प्रजाती कशी ठरवायची?" व्याख्या पक्ष्याला लागू पडत होती, त्याच्या अन्नाला नाही. हा प्रश्न कितीही नमुने तपासले तरी सुटणारा नव्हता, कारण मुळात 'प्रजाती' या शब्दाने आपण काय म्हणतो हेच ठरायचे होते.

नोकरी सांभाळून मी तत्त्वज्ञानात एम.ए. केले आणि नेटची तयारी सुरू केली. त्या अभ्यासक्रमात जीवशास्त्र जवळजवळ नव्हतेच, तरी वैशेषिक या भारतीय दर्शनातला 'सामान्य' हा पदार्थ, म्हणजे अनेक वस्तूंमध्ये असणारा समान धर्म, वाचताना माझा प्रश्न पुन्हा समोर आला. गाई जन्मतात आणि मरतात, गोत्व, म्हणजे गाईपण, मात्र नित्य असते, असे वैशेषिक मानतात. उत्क्रांतीत तर प्रजातीच उदयाला येतात आणि नष्ट होतात. जीवशास्त्रज्ञ मायकेल गिसेलिन यांनी १९७४ मध्ये आणि त्यानंतर तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांनी असे प्रतिपादन केले, की प्रजाती हा वर्ग नसून काळात जन्मणारी आणि संपणारी एक 'व्यक्ती'च, म्हणजे एकच विशिष्ट वस्तू, आहे. या दोन भूमिका समोरासमोर ठेवायच्या, हे माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचे सूत्र ठरले.

पहिला आराखडा समितीने परत पाठवला. विषय प्राणिशास्त्राचा आहे, तिकडेच अर्ज करावा, असा शेरा होता. मला फार वाईट वाटले. परंतु मार्गदर्शकांनी दाखवून दिले, की वर्गीकरणाच्या पद्धतींवर मी अनेक पाने खर्च केली होती आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न शेवटच्या परिच्छेदात आला होता. दुसऱ्या आराखड्याची सुरुवात मी त्या शेवाळापासून केली आणि तो मंजूर झाला. विज्ञानाकडून या विषयाकडे येणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

पीएच.डी.नंतरची वाट अधिक बिकट होती. जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानासाठी म्हणून जागा निघाल्याचे मला कधी आढळले नाही. निवड होते ती तर्कशास्त्र, नीतिशास्त्र किंवा भारतीय दर्शने शिकवण्यासाठी. तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवल्यानंतर मला पूर्णवेळ नेमणूक मिळाली. आता सकाळी तर्कशास्त्राचे तास घेते आणि दुपारी लेखनाला बसते. नील-हरित शेवाळ हे खरे तर जीवाणूच; जीवाणूंमध्ये जनुके एका वंशातून दुसऱ्या वंशात जातात, त्यामुळे हल यांची 'व्यक्ती' ही कल्पना त्या शेवाळाच्या बाबतीत कितपत टिकते, यावर सध्या लिहिते आहे.