ऊस आला!

काल लातूरहून अंबाजोगाईला निघायला रात्रीचे साडेदहा झाले. कारखाने सुरू, म्हणजे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आल्याच. समोरून एकजण अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबचा झोत, मारत आला, डिपर देऊन तो खाली करायचं नावच नाही. डोळ्यांपुढं अंधारी. पाय ॲक्सिलेटरवरून काढला, नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर धरली. तो गेला अन् पुढ्यातच दोन ट्रॉल्या! ना टेललाइट, ना रिफ्लेक्टर, नुसता लोंबणारा ऊस. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदात २२ मीटर जाते. मी ५० वर होतो म्हणून ब्रेक पुरला. बायको दचकून उठली, "काय झालं हो?" म्हटलं, काही नाही, ऊस आला.

रेणापूरला चहा घेतला, फडक्यानं काच पुसली. आतूनच किती धुरकट होती, बाप्पा!