टीबी समजून मी सोडलेली स्लाइड

एमडीच्या दुसऱ्या वर्षी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात माझी सायटॉलॉजीची, म्हणजे सुट्या पेशी तपासून निदान करण्याची पोस्टिंग चालू होती. भांडुपचा २९ वर्षांचा रिक्षावाला, पाठदुखीने बेजार. पोटात महारोहिणीभोवती लिम्फ नोडची मोठी गाठ. सोनोग्राफीवर बघत सुई घालून घेतलेला नमुना आला. फॉर्मवर लिहिलेलं : 'टीबी?'

मी आधी पॅप रंगाने रंगवलेली स्लाइड लावली. भरपूर लिम्फोसाइट्स (पांढऱ्या पेशी), मधूनमधून ग्रॅन्युलोमा, म्हणजे टीबीत दिसतात तसे दाहाच्या पेशींचे पुंजके. आपल्याकडे असं रोज दिसतं. टीबीचे जंतू दाखवणाऱ्या झेडएन रंगात जंतू नव्हते, पण टीबीत ते पुष्कळदा सापडतच नाहीत. 'टीबीची शक्यता' लिहून कागद मॅडमपुढे ठेवला.

"हवेत वाळवलेली बघितलीस?"

ती ट्रेमध्येच होती. जिम्सा या दुसऱ्या रंगाने रंगवलेली. लेन्सखाली घेतली तर सगळीकडे फेसाळ, जांभळट रेघा. दुधावरची साय बोटाने ओढावी तशा. टायग्रॉइड, म्हणजे वाघाच्या पट्ट्यांसारखं बॅकग्राउंड! त्यात सुट्या सुट्या मोठ्या पेशी, गोल केंद्रकं, त्यात न्यूक्लिओलसचा ठसठशीत ठिपका. या पेशींचं सायटोप्लाझम इतकं नाजूक की स्मिअर ओढतानाच फाटतं, आतलं ग्लायकोजेन पसरतं आणि हे पट्टे उमटतात. सेमिनोमा, वृषणाचा कर्करोग. त्यातही ग्रॅन्युलोमा होतात, हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पॅपवरही त्या पेशी होत्या. लिम्फ नोडच्याच असतील म्हणून मी पुढे सरकले होते. हे अजून सलतं.

मॅडमनी वॉर्डला फोन लावला. "वृषण तपासलेत का?" कोणीच तपासले नव्हते. सोनोग्राफीत उजवीकडे छोटी गाठ निघाली. मी भेटायला गेले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बरेच दिवस टणक लागत होतं, मॅडम. पण हे सांगायचं कुणाला?"

सुईतल्या उरलेल्या मटेरियलचा सेल ब्लॉक, म्हणजे मेणातला ठोकळा केला होता. त्यावर पेशींची ओळख पटवणाऱ्या प्रथिनांच्या चाचण्या केल्या. ऑक्ट-४, सॅल-४, सीडी-११७ पॉझिटिव्ह. सीडी-३० निगेटिव्ह, म्हणजे एम्ब्रिओनल कार्सिनोमा या वृषणाच्या दुसऱ्या कर्करोगाच्या बाजूने काही नाही. रक्तातल्या एएफपी या प्रथिनाची मात्र धाकधूक होती. ते वाढलेलं असतं तर स्लाइड काहीही म्हणो, निव्वळ सेमिनोमा म्हणता आलं नसतं आणि उपचाराची आखणीच बदलली असती. ते नॉर्मल आलं. इतका पसरलेला सेमिनोमाही सिस्प्लॅटिनच्या केमोने बहुतेकांचा बरा होतो.

रिपोर्ट शिपायाकडे न देता मी स्वतः जिने चढून वॉर्डात नेला. केसपेपरवर लिहून ठेवलेलं होतं : सोमवारपासून टीबीच्या गोळ्या.