मेल अडकला की आधी तो नंबर वाचा

इंदुरात कुणाही ओळखीच्यांकडे गेलं की चहाच्या आधी लॅपटॉप समोर येतो, "जरा बघ ना रे, मेल जातच नाहीये". एरर काय आला विचारलं की, "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं, बंद करून टाकलं". अहो काका, तेच तर हवं असतं! चूक कुणाकडे आहे ते त्या नंबरातच लिहिलेलं असतं, तुमच्याकडे, सर्व्हरकडे की समोरच्याकडे.

परत आलेल्या मेलमध्ये किंवा एररच्या चौकटीत तीन आकडी कोड असतो, त्याचा पहिला आकडा बघा. ४ असेल, म्हणजे ४२१, ४५१ वगैरे, तर अडचण तात्पुरती, समोरचा सर्व्हर बिझी असतो किंवा अनोळखी सर्व्हरला मुद्दामच "थोड्या वेळाने या" म्हणतो, आणि आपला सर्व्हर स्वतःच परत परत ट्राय करतो, तेव्हा उगाच सारखं सेंड दाबत बसू नका. ५ असेल तर मात्र थांबून उपयोग नाही, काहीतरी बदलावंच लागतं.

५५० सोबत ५.१.१ दिसलं की तो पत्ताच अस्तित्वात नाही. आपल्या आडनावांची स्पेलिंगं प्रत्येकाची वेगळी, देशपांडेतला एखादा 'एच' राहिला की संपलं. ५५२ बहुतेकदा साइझचा. जीमेलची लिमिट २५ एमबी, पण अटॅचमेंट पाठवताना एन्कोड होऊन, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, साधारण एक तृतीयांशने फुगते, म्हणून २० एमबीची फाईलसुद्धा समोरच्या सर्व्हरच्या लिमिटला अडकू शकते. सियागंजातले एक व्यापारी सगळी बिलं फोनने रंगीत स्कॅन करून सीएला पाठवायचे, ब्लॅक अँड व्हाइट आणि कमी रिझोल्यूशन केलं, लगेच गेली.

सगळ्यात जास्त छळतो तो ५३५, म्हणजे सर्व्हरने तुमचं लॉगिनच नाकारलं. ब्राउझरमध्ये पासवर्ड चालतो, आउटलुकमध्ये तोच चालत नाही, आणि माणूस वैतागून पासवर्डच बदलतो. जीमेल असेल तर कारण हे, गूगलने ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या अ‍ॅपमधून लॉगिन बंद करायला सुरुवात केली. थंडरबर्ड हे मेलचं अ‍ॅप वापरत असाल तर त्यात ओऑथ२ (OAuth2, म्हणजे गूगलच्याच पानावर लॉगिन) निवडा, जुना आउटलुक असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढा आणि तो टाका.

आउटलुकचा ०एक्स८००सीसीसी०ई (0x800CCC0E) दिसायला भयंकर, पण अर्थ एवढाच की सर्व्हरशी कनेक्शनच झालं नाही. आधी नेट बघा, मग अकाउंट सेटिंगमधला आउटगोइंगचा पोर्ट, म्हणजे मेल बाहेर जायच्या दाराचा नंबर. तिथे २५ असेल तर ५८७ करा, कारण बऱ्याच इंटरनेट कंपन्या २५ ब्लॉक करतात. तरी नाही जमलं तर अँटीव्हायरसचं मेल स्कॅनिंग थोडा वेळ बंद करून बघा.

आणि हे मात्र अगदी कळकळीने सांगतो, "अकाउंट उडवून परत टाकू" किंवा "विंडोज नवीन मारू" असं कुणी म्हणालं तर आधी अकाउंट पॉप आहे की आयमॅप (POP, IMAP, मेल आणायच्या दोन पद्धती) ते विचारा. आयमॅप असेल तर मेल सर्व्हरवर असतात, परत येतात. पॉपमध्ये बरेचदा ते फक्त तुमच्याच मशीनवर, आउटलुकच्या साठवणीच्या पीएसटी (.pst) फाईलमध्ये असतात. एका मावशींच्या परदेशातल्या मुलाची कित्येक वर्षांची पत्रं अशीच गेली, दुकानवाल्याने न विचारता फॉरमॅट मारलं, आणि मुळात एरर होता ५३५! ती पीएसटी पेनड्राइव्हवर कॉपी करा, उघडून खात्री करा, मगच कुणाला हात लावू द्या.