इंग्रजी भूतकाळाची वही : या खेपेला 'हॅड'

मंडळी, साधा भूतकाळ आता हाताला बसलाय. 'डिड' आला की पुढचं क्रियापद मूळ रूपात, हे बोलता बोलता होऊन जातं. वेन्ट, ब्रॉट, टॉट यांचं पाठांतर चालूच आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. या महिन्याचा सगळा वेळ 'हॅड'ने खाल्ला.

आपल्याकडच्या इंग्रजीत 'हॅड' फार स्वस्त झालाय. 'आय हॅड गॉन टु नाशिक लास्ट मंथ' हे ऑफिसात कुणाच्याही तोंडी ऐका. येतं कुठून तेही उघड आहे: 'मागच्या महिन्यात नाशिकला गेलो होतो.' आपल्या 'होतो'मध्ये गोष्ट होऊन गेली, मी परतही आलो, एवढं सगळं येतं. इंग्रजी 'हॅड'ला गोष्ट किती जुनी याच्याशी देणंघेणं नाही. भूतकाळातल्या एका क्षणापाशी उभं राहून त्याच्याही आधीचं सांगायचं असेल, तरच तो हवा. असा दुसरा क्षण बोलण्यात नसेल तर 'आय वेन्ट' पुरे, मग गोष्ट पानिपताच्या वेळची का असेना.

सरावाला क्रिकेट घेतलं, कारण तिथे आधी काय आणि नंतर काय यावर वाद नसतो. 2 एप्रिल 2011, वानखेडे, विश्वचषकाची अंतिम लढत. कोहली बाद झाला तेव्हा भारत 3 बाद 114, आणि धोनी युवराजच्या आधी मैदानात उतरला. वाक्य: 'व्हेन धोनी केम इन, इंडिया हॅड लॉस्ट थ्री विकेट्स.' यातला 'हॅड' काढून नुसतं 'लॉस्ट' ठेवा. आता धोनी आला आणि मग धडाधड तीन गडी पडले, असं ऐकू येतं. प्रत्यक्षात तो आल्यावर एकटा गंभीर गेला, तोही 97 करून. एका शब्दाने मॅचचा इतिहास बदलतो म्हणा ना! मला हे नियमापेक्षा जास्त पटलं.

'आफ्टर' किंवा 'बिफोर' असेल तर मात्र क्रम त्यांनीच सांगितलेला असतो. 'गंभीर केम इन आफ्टर सेहवाग गॉट आउट' बिनधास्त चालतं. तिथेही हट्टाने 'हॅड' लावणारे लोक आहेत. चूक नाही, पण वाक्य उगाच जड होतं.

जाता जाता 'हॅव'. त्या रात्रीची ताजी बातमी 'इंडिया हॅव वन द वर्ल्ड कप', पण साल जोडलं की 'इंडिया वन द वर्ल्ड कप इन 2011'. 'हॅव'ला तारीख सोसत नाही. तेंडुलकरच्या 100 आंतरराष्ट्रीय शतकांचंही तसंच. खेळत होता तोवर 'हॅज स्कोअर्ड', कारण खातं उघडं होतं. नोव्हेंबर 2013 मध्ये निवृत्त झाल्यावर 'स्कोअर्ड'च जास्त शोभतं.

आता वहीत 'यूज्ड टु' आणि 'वुड' घेतलेत. 'आम्ही गच्चीवर झोपायचो' याला दोन्ही चालतात. 'आम्ही गिरगावात राहायचो' याला मात्र 'वुड' चालत नाही, कारण ती पुन्हा पुन्हा केलेली कृती नाही, स्थिती आहे. आपल्या 'यचो'ला हा फरक दिसतच नाही, त्यामुळे इथे बराच मुक्काम पडणार. कुणाकडे या जोडीची चांगली वाक्यं असतील तर पाठवा, शक्यतो क्रिकेटचीच.