चपला सांभाळणारे दोघे

लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलेलं माणूस दोन घास झाले की माझ्या मित्राबद्दल हमखास विचारतं, "लहानपणी त्याला तुम्हीच शाळेत न्यायचात ना? खांद्यावर?" विचारण्यात कौतुक असतं, म्हणून 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. अर्थात माझ्या जिभेचं न उचलणं हा वेगळाच विषय आहे. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर.

खांद्यावर मी त्याला कधीच नेलं नाही. एक तर मी काडीसारखा, आणि त्याने नेऊ दिलं नसतं. (नाव छापलंस तर दुकानाची पायरी चढू नको, असं त्याने बजावलंय.)

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. काळी माती, कापूस. शाळेत शेवटच्या तासाला कबड्डी. चढाई करायची तर 'कबड्डी, कबड्डी' म्हणत जावं लागतं आणि माझं गाडं 'क'वरच अडायचं. मी मधल्या रेषेवर क-क-क करत उभा, पलीकडची पोरं हसून लोळताहेत. दोन-तीनदा असं झालं, मग गुरुजींनी मला चपला सांभाळायला बसवलं. तिथे तो दोन वर्षांपासून बसत होता. डाव्या पायाला पोलिओ.

पहिल्या दिवशी तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला सर्वांत जास्त हसलेल्या पोराची चप्पल त्याने उचलली, तिच्या तळव्यात बाभळीचा काटा खालून वर नीट बसवला आणि जागच्या जागी ठेवून दिली. मैत्री तिथेच ठरली म्हणायची.

लोक त्याच्या पायाला मेलेला पाय म्हणायचे. तसं नसतं. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, स्पर्शाचं काम शाबूत राहतं. पिंडरी मनगटाएवढी, पण तिच्यावर चढलेली मुंगी त्याला कळायची. सहावीपर्यंत तो डावा हात मांडीवर दाबून चालला. त्यामुळे चड्डी नवी असली तरी डाव्या मांडीवर तळहाताएवढा गोल विरलेला. त्याची माय आतून ठिगळ लावायची. मग एका शिबिरात कॅलिपर मिळालं: दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. गुडघ्याशी कडी. उभं राहिलं की ती खटकन खाली पडते आणि पाय ताठ होतो. बसायचं तर ती वर ओढायची. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा ते लोखंड तव्यासारखं तापायचं. तो पट्ट्यांना ओलं फडकं गुंडाळून यायचा. वर्गात पोचेपर्यंत फडकं कोरडं ठाक.

त्याची माय अजून सुई देणाऱ्या डॉक्टरला शिव्या घालते. तापात सुई टोचली आणि पाय गेला, हे तिचं म्हणणं. ते अगदीच अडाणीपणाचं नाही. अंगात विषाणू आधीच असेल, तर सुईने त्याच पायाला लुळेपणा येण्याचा धोका वाढतो. पल्स पोलिओची मोहीम देशभर निघाली १९९५ साली, तेव्हा आम्हाला मिसरूड फुटलं होतं. पुढे मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ती बातमी त्याने पेपरात वाचली आणि म्हणाला, "आते आमना माल बंद."

माझ्या तोतरेपणाचा इलाज त्यानेच शोधला. "तू पाढामा अटकस नही," एक दिवस म्हणाला. खरंच होतं. सगळ्यांच्या सुरात सूर मिसळला की बहुतेक तोतऱ्यांची जीभ मोकळी होते, गाण्यातही तसंच. पण हे मला ना गुरुजींनी सांगितलं, ना घरच्यांनी. हजेरीत माझा नंबर आला की तो ओठातल्या ओठात 'हजर' म्हणायचा आणि माझा 'हजर' त्याच्या जोडीने सुटून जायचा. लगेच पुढचा नंबर त्याचा, तो तेवढा मोठ्याने. दुकानात 'पावशेर गूळ' आम्ही दोघं मिळून मागायचो. दुकानदार आम्हाला भजनी मंडळ म्हणायचा.

आता जे सांगायला नको वाटतं ते. नववीत एकदा हापशापाशी मी पोरांना त्याची चाल करून दाखवली. हात मांडीवर, कंबर लचकवत. पोरं हसली आणि ते हसणं मला गोड लागलं. तो मागे बादली घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी हजेरीला त्याने तोंड उघडलं नाही. मी 'ह'वर अडकलो तोवर गुरुजी पुढे गेले. असे अकरा दिवस मी वर्गात बसून गैरहजर. घरी चिठ्ठी गेली, वडिलांनी बैलाच्या दोरीने सोलून काढलं. तरी मी खरं कारण सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वेचणी चालू होती. आमच्या बांधावर तो पाय ताठ करून उभा दिसला. चिखलाने कडी अडकली होती, त्याला बसता येईना. त्या कडीला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही, मायलासुद्धा नाही. मला बघून म्हणाला, "नुसता देखू नको. वढ." मी ओढली. तो बसला. मग दोघांनी त्याच्या फडक्यातली कळण्याची भाकर खाल्ली. माफी मी मागितली नाही, आजवर नाही. 'म'वरही मी अडतो, पण ते काही कारण नव्हे.

आता त्याचं तालुक्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. व्होल्टेज पडलं की शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी जळतात आणि दारात रांग लागते. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना तो गिऱ्हाइकाला बोलू देत नाही. मला चालतं, कारण मी त्याच्याबरोबर मोजतो, मोठ्याने, न अडखळता. मागच्या आठवड्यात पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याने मोजणी चालू असतानाच विचारलं, "लहानपणी याच नेयेत का तुम्हले शाळामा?"

त्याने मान वर केली नाही. "हाऊ? हाऊ तर गैरहजर व्हता," म्हणाला, "अकरा दिन," आणि पुढचा वेढा घातला.