दूरचा खांब

गेली एकोणीस वर्षे मी गोव्यातील फुटबॉलच्या मैदानांवर छायाचित्रे काढत आहे आणि त्यातील बहुतेक वर्षे एका मराठी दैनिकासाठी. माझ्या एका छायाचित्रावरून ज्या संध्याकाळी वाद झाला, ती चतुर्थीनंतरच्या पंधरवड्यातील होती. बार्देशातील एका गावाचा संघ आणि सासष्टीचा एक संघ यांच्यात स्थानिक स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि दिवसभर थांबून थांबून पाऊस पडत होता.

बाहेरच्या माणसाला वाटते की आमचे काम शिट्टीबरोबर सुरू होते. पावसाळ्यात ते गाडीत सुरू होते. मैदान जवळ आले की मी गाडीतील वातानुकूलन बंद करतो आणि काचा खाली करतो, कारण थंडगार लेन्स आपल्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव धरते आणि पुढची वीस मिनिटे मैदानावर फक्त धुके दिसते. रुमालाने पुसून ते जात नाही. पहिल्याच हंगामात मी हे एका पेनल्टीच्या किमतीवर शिकलो.

त्या मैदानावरील दिव्यांविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण पुढचा घोटाळा काही अंशी त्यांच्यामुळे झाला. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने असे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/१००० सेकंदाच्या शटरला कळते. एक फ्रेम उजळ येते, दुसरी काळवंडते, तिसरीत खेळाडूंचे चेहरे कावीळ झाल्यासारखे पिवळे पडतात. शटर मंद करावे तर धावणाऱ्याचे पाय पुसट होतात. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असते. ती सुरू केली की बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, दिव्याच्या उजळ क्षणाची वाट पाहते आणि तेव्हाच शटर उघडते. रंग सारखे येतात, मात्र या वाट पाहण्यात सलग फ्रेम काढण्याचा वेग थोडा घटतो. माझी बॉडी सेकंदाला दहा फ्रेम काढणारी आहे. त्या संध्याकाळी मी लेन्सचे छिद्र एफ २.८, शटर १/१००० सेकंद आणि प्रकाशसंवेदनशीलता आयएसओ ६४०० असे ठरवून अँटी-फ्लिकर सुरू ठेवले, कारण वर्तमानपत्राच्या कागदावर पिवळा चेहरा आणखी पिवळा होतो आणि दुसऱ्या दिवशी बोलणी मलाच बसतात. या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप वेगळ्याच गोष्टीचा आहे.

माझी जागा गोलरेषेच्या मागे, जाहिरातींच्या फलकांआड होती, कॉर्नरच्या झेंड्यापासून पाचेक मीटर आतल्या बाजूला. सगळे छायाचित्रकार साधारण तिथेच बसतात, कारण गोल करणारा खेळाडू आनंदाने धावतो तो बहुधा झेंड्याकडेच आणि त्याचा चेहरा समोरून मिळतो. मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी आधारावर, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि गळ्यात ७०-२०० लावलेली दुसरी बॉडी, हा माझा नेहमीचा संसार. ४०० मिलिमीटर मध्यमैदानासाठी. खेळ गोलच्या तोंडाशी आला की ती उपयोगाची राहत नाही, कारण त्या अंतरावर तिच्यात उभा माणूससुद्धा पुरता मावत नाही. पिशवीत एक तिसरी जुनी बॉडीही होती. कोरडी संध्याकाळ असती तर तिला रुंद लेन्स लावून मी ती जाळीच्या मागे ठेवली असती आणि रेडिओ ट्रिगरने चालवली असती. पाऊस होता म्हणून ती पिशवीतच राहिली. ती लावली असती तर काय दिसले असते, असे लोक मला विचारतात. काहीही दिसले नसते. जाळीमागून चेहरे दिसतात, रेषा दिसत नाही.

सासष्टीचा संघ १-० असा पुढे होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पलीकडच्या कोपऱ्यातून कॉर्नर आला आणि बार्देशच्या एका उंच मुलाने डोके मारले. गोलरक्षक मागे कलंडत होता, तशातच त्याने एका हाताने चेंडू बाहेर काढला. मी ७०-२००वर २०० मिलिमीटरने सलग फ्रेमचा बर्स्ट सोडला होता. शिट्टी वाजली नाही. माझ्यापासून सहा मीटरवर, कॉर्नरच्या झेंड्याला लागून उभ्या असलेल्या साहाय्यक पंचाने झेंडा खालीच ठेवला. अर्धे मैदान ओरडत होते आणि माझ्या मागून कोणीतरी फलकावर हात आपटत चेंडू आत होता ना असे कोकणीत विचारत होते, "पात्रांव, बोल भितर आशिल्लो मरे? फोटो दाखय!"

मी दाखवला नाही, पण स्वतः पाहिला. एका फ्रेममध्ये चेंडू डोक्यावरून नुकताच सुटलेला होता. पुढच्या फ्रेममध्ये तो गोलरक्षकाच्या तळहातावर होता आणि जवळच्या खांबाच्या मागे, जाळीच्या बाजूला, स्पष्ट फटीसह दिसत होता. माझ्या मनात कोणतीही शंका आली नाही. आत, असेच मला वाटले.

साडेदहाला पान सुटणार होते आणि डेस्कवरून फोन आला की जागा दोन कॉलमची आहे, उभा फोटो हवा. आमच्या डेस्कला फुटबॉलचा आडवा पसारा कधीच आवडलेला नाही. तिथल्या लोकांना मैदानापेक्षा पान ओळखीचे. मी गाडीत बसून लॅपटॉपवर फोटो कापला. डावीकडे हात उंचावलेला उंच मुलगा ठेवला, मग खांब, मग हात आणि चेंडू, आणि उजवीकडे केवळ जाळीचा गोंधळ होता म्हणून तो टाकून दिला. फोटोओळीत मी फक्त "अखेरच्या क्षणांतील चेंडू" एवढेच लिहिले होते. सकाळी शीर्षकात प्रश्नचिन्ह होते, पण असा फोटो शेजारी असताना ते प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही.

दुपारपर्यंत तो फोटो प्रत्येक मोबाईलवर पोहोचला होता आणि चेंडूभोवती कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते. त्या साहाय्यक पंचाच्या नावाने जे लिहिले गेले ते इथे देण्यासारखे नाही. हा माणूस आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी जेमतेम पेट्रोल सुटेल एवढ्या मानधनावर झेंडा धरतो. पराभूत संघाने तक्रार केली आणि आयोजकांनी मला मूळ फाइल घेऊन बोलावले.

मूळ फाइल मी आदल्या रात्री उघडली. उजवीकडे मी कापून टाकलेल्या जाळीत दूरचा खांब होता. त्याच्याशी ताडून पाहिले तर तोच चेंडू गोलच्या बाहेर, मैदानाच्या बाजूला होता.

त्या रात्री मी मुलीच्या चौकटीच्या वहीत आकृती काढली. माझा कॅमेरा रेषेच्या तीन मीटर मागे आणि जवळच्या खांबापासून पंचवीस मीटरवर होता. खांबांमधील अंतर ७.३२ मीटर. माझ्या जागेवरून दोन्ही खांबांना दोन सरळ रेषा जोडल्या, तर गोलच्या मध्यावर त्या दोन रेषांमध्ये सुमारे पाऊण मीटरचा पट्टा राहतो: थोडा रेषेच्या पुढे, थोडा मागे. या पट्ट्यात हवेत कुठेही असलेला चेंडू जवळच्या खांबाशी ताडला तर आत दिसेल आणि दूरच्या खांबाशी ताडला तर बाहेर. चेंडूचा व्यास जेमतेम २२ सेंटिमीटर आणि रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषा ओलांडून गेला तरच गोल, असा नियम. पाऊण मीटरची शंका घेऊन माझा फोटो काही सेंटिमीटरची साक्ष द्यायला उभा होता आणि दोन खांबांपैकी एक मी स्वतः कापला होता.

समितीसमोर मी आकृती ठेवली तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले की तुमच्या जुन्या बॉडीचा हा दोष आहे, नवे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले, कॅमेरे सेकंदाला तीस फ्रेम काढतात. तो हुशार आहे, पण त्याला यंत्राबाहेरचे काही दिसत नाही. डोक्याने मारलेला चेंडू सेकंदाला पंधरा मीटरने जात असेल असे धरले तर माझ्या दोन फ्रेममध्ये तो दीड मीटर गेला. त्याच्या तीस फ्रेममध्येही अर्धा मीटर जाईल, म्हणजे चेंडूच्या दुपटीहून अधिक. शिवाय त्या दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर लावले की फ्रेमवर आडवे पट्टे येतात, ते वेगळेच. आणि शंभर फ्रेम काढल्या तरी बसण्याची जागा तीच राहते.

१ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधील विश्वचषकात खलिफा इंटरनॅशनल स्टेडियमवर जपानने स्पेनविरुद्ध दुसरा गोल केला, तेव्हा त्याआधी चेंडू बाहेर गेला होता असे टीव्हीवरच्या अनेक कोनांतून दिसत होते आणि जगभर आरडाओरडा झाला. एपी या वृत्तसंस्थेचे छायाचित्रकार पेट्र डेव्हिड योसेक छताजवळून काम करत होते. त्यांच्या फ्रेममध्ये चेंडूचा बारीकसा कड अजून रेषेच्या वर होता. मी हा फोटो पूर्वी अनेकांना कौतुकाने दाखवला आहे. त्यातले कौतुक उंचीचे आणि जागेचे आहे, हे मला वहीतील आकृती काढेपर्यंत नीट समजले नव्हते.

समितीने तक्रार फेटाळली. माझ्या आकृतीमुळे नव्हे, तर गोल झाला की नाही यावर मुख्य पंचाचा निर्णय अंतिम असतो या नियमावर. मी संपादकांना पूर्ण फोटो छापायची विनंती केली. तो चौथ्या दिवशी आतल्या पानावर, एक कॉलममध्ये आला. तेवढ्या आकारात दूरचा खांब भिंगातूनच शोधावा लागला असता.

चेंडू आत होता की नाही, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्या क्षणी मैदानावर गोलरेषेच्या सरळ रेषेत एकच माणूस उभा होता आणि त्याच्या हातात कॅमेरा नव्हता, झेंडा होता. त्याच्याही मध्ये पाच-सहा खेळाडू असतील. पण त्याची जागा बरोबर होती.

पुढच्या महिन्यात एका लीग सामन्याला तोच साहाय्यक पंच माझ्याच बाजूला आला. मी फलकाआड मोनोपॉड लावत होतो. माफी मागायचे वाक्य मी घरून जुळवून आणले होते, पण तोच आधी बोलला. "आज तुमी खंय बसतले?" मी जागा दाखवली. त्याने माझ्या जागेपासून झेंड्यापर्यंत आणि झेंड्यापासून जवळच्या खांबापर्यंत एकदा नजर फिरवली, मान हलवली आणि बूट बांधायला खाली वाकला.