कागदावरचा अर्धा इंच

उजव्या हाताचा नेमबाज, तीस इंची शिकारी कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य), आणि कागदावर दरवेळी डावीकडं फाटणारं भोक. बाण सरळ निघतो का हे बघायला तो ताणलेल्या कागदातून सोडतात; भोक एका बाजूला फाटलं तर बाण तिरका. ही केस मी कामापुरती संपवली, बो परत दिला, पैसेही मिळाले. पण जे अर्धा इंच मी मुद्दाम ठेवलं, त्याबद्दल माझं स्वतःशीच अजून भांडण चालू आहे.

आधी परिस्थिती सांगतो. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंडचे विश्वविजेते झाले, आणि आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा येतेय. त्यामुळं सोलापुरातले पालकही बिनचाकाचा रिकर्व्ह सोडून कंपाउंडची चौकशी करायला लागलेत. टार्गेट कंपाउंडची किंमत ऐकली की मग कुणाचा तरी अमेरिकेतला भाचा किंवा भाऊ आठवतो. तिकडं जुना शिकारी बो स्वस्तात मिळतो. तो बॅगेतून येतो, आणि येताना तिकडच्या मालकांची मतंही घेऊन येतो.

या बोबरोबर पोराचे मामा आले होते. पोरगं पंधरा वर्षांचं, अबोल. मामांचा अभ्यास मात्र पक्का. ‘सर, कॅम शिम करा, दुसरं काय नको. तिकडं सगळे तेच करतात की ओ.’ शिम म्हणजे कॅमच्या, बोच्या टोकाच्या चाकाच्या, बाजूला घालायच्या पातळ चकत्या; ते त्यांनी आधीच घरी करून पाहिले होते. लेफ्ट टिअर, म्हणजे भोक डावीकडं फाटत असेल, तर कॅम डावीकडं सरकवायचा, हे त्यांनी बरोबर वाचलं होतं. फक्त वरचा कॅम सरकवला होता आणि खालचा तसाच. वरच्या कॅमवर बाण टेकवून पाहिला तर तो स्ट्रिंग सोडून भलतीकडंच चालला होता.

बो दाबून दोऱ्या सैल करणाऱ्या बो प्रेसशिवाय कॅम कसा काढला, असं मी विचारलं नाही. एकदा एकानं गाडीचा जॅक आणि दोन पट्ट्यांची कथा सांगितली होती, तेव्हापासून विचारत नाही. आजकालच्या बोचे लिंब, म्हणजे वाकणारी पाती, जवळजवळ समांतर असतात. त्यांना टोकाशी धरूनच दाबायचं असतं. मधोमध दाब दिला तर लिंबला चीर जाते, आणि ती चीर दिसत नाही. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक बोच्या लिंबवर मी आधी कापसाचा बोळा फिरवतो. जिथं धागा अडकला तिथं काच-फायबर उललंय असं समजायचं. याचे लिंब साफ निघाले.

मोजमाप. ॲक्सल-टू-ॲक्सल, म्हणजे दोन कॅमच्या आसांमधलं अंतर, कंपनीच्या आकड्यापेक्षा पाव इंच जास्त. याचा अर्थ केबल ताणल्या होत्या. पीक वजन, म्हणजे ओढताना लागणारा सगळ्यात जास्त जोर, त्यामुळं उतरायला हवं, तरी काट्यावर ६३ पाउंड आलं, कारण लिंब ७० पाउंडांचे. वर्ल्ड आर्चरीच्या नियमात कंपाउंडला ६० च्या वर परवानगी नाही. माझा काटा म्हणजे सामान मोजायचा डिजिटल काटाच आहे, पण दर काही दिवसांनी २० किलोचं वजन लटकवून तपासतो. ४४.१ पाउंड दाखवलं नाही तर त्या दिवशी त्याच्यावर विश्वास नाही. लिंब बोल्ट दोन्ही सारखेच सैल करायचे, एका फेऱ्याला साधारण दोन-अडीच पाउंड उतरतात. शेवटी ५८ वर ठेवलं. ५९.८ वर ठेवून स्पर्धेच्या तपासणीच्या टेबलावर घाम गाळणारे पाहिलेत. तिथला काटा आपला नसतो.

सोलापूरचा उन्हाळा हा इथल्या बोचा खरा शत्रू. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत बो ठेवला की त्या उष्णतेत स्ट्रिंग ताणते. स्ट्रिंग ताणली की ड्रॉ (ओढायचं अंतर) लांबतो आणि पीप, म्हणजे स्ट्रिंगमधलं नेम धरायचं छिद्र, फिरतं. केबल ताणल्या की वजन उतरतं आणि दोन कॅमचा मेळ सुटतो. मालक लोक म्हणतात नवीन दोऱ्या टाका, सगळं ठीक होईल. मला हे मत निम्मं पटतं. दोरीत व्हेक्ट्रान मिसळलेला धागा असेल तर ती फार कमी सरकते, पण चांगली नवी दोरीही पहिल्या शंभर-दोनशे बाणांत थोडी बसतेच. ट्रायल्सच्या, म्हणजे निवड चाचणीच्या, तोंडावर नवी दोरी घालणं म्हणजे नवे बूट घालून मॅरेथॉन पळणं. याच्या दोऱ्यांची सर्व्हिंग (वरून गुंडाळलेला धागा) घट्ट होती, धागे तुटलेले नव्हते. मी पीळ वाढवून मापावर आणल्या आणि मेण चोळलं.

मग ड्रॉ बोर्ड. माझा बोर्ड म्हणजे सागवानी फळी आणि हातानं फिरवायचा विंच. बो त्यावर हळूहळू ओढायचा आणि दोन्ही कॅमचे स्टॉप, म्हणजे ओढ थांबवणारे खुंट, केबलला कधी टेकतात ते बघायचं. वरचा स्टॉप टेकला तेव्हा खालच्यात तीन मिलिमीटर फट होती. एवढ्यानं बाण वरखाली नाचतो, आणि पूर्ण ओढल्यावर जिथं ओढ थांबते ती ‘भिंत’ मऊ लागते. कोणत्या केबलला पीळ द्यायचा हे कॅमच्या जातीवर अवलंबून असतं. हा बायनरी होता, म्हणजे दोन्ही केबल समोरासमोरच्या कॅमला बांधलेल्या, लिंबवर योक (केबलचं दोन फाट्यांचं टोक) नाही. अर्धा पीळ द्यायचा, प्रेसमधून काढायचा, पुन्हा बोर्डवर. घाई केली की आकडा ओलांडला जातो आणि उलटं यावं लागतं.

योक नसणं हा मामांच्या अभ्यासातला मोठा विषय होता. योकवाल्या बोमध्ये लेफ्ट टिअर असेल तर डाव्या योकला पीळ दिला की कॅमचा कल बदलतो, पैसे लागत नाहीत. बायनरीत ती सोय नाही, म्हणून कंपन्यांनी वेगवेगळे उपाय काढले. मॅथ्यूजच्या टॉप हॅट्स, म्हणजे कॅमच्या बाजूच्या चकत्या, बदलता येतात, बोटेकच्या डेडलॉकमध्ये स्क्रू फिरवून कॅम आडवा सरकतो. ज्याच्याकडं जो बो, त्याला तोच उपाय जगात उत्तम वाटतो. माझं मत विचाराल तर योक. पण हे सगळे उपाय बो बिघडलेला आहे असं गृहीत धरून चालतात. बो ज्याच्या मापाचा आहे तो माणूस समोर उभा आहे की नाही, हे कुणी बघत नाही.

कारण पोराला रिकामा बो ओढायला लावला, आणि तिथंच बरंचसं उत्तर मिळालं. ड्रॉ लेंग्थ, म्हणजे बो किती लांब ओढला जातो ते माप, २९ इंचावर होती. अमेरिकेतल्या भावाचा बो, त्याचंच माप. पोराच्या पसरलेल्या हातांचं माप १७२ सेंटिमीटर. म्हणजे जवळपास ६८ इंच, त्याला अडीचनं भागलं की २७ इंचांच्या आसपास येतं. दीड-दोन इंच जास्तीचा बो ओढणारा माणूस मागं झुकतो, डाव्या हाताचं कोपर कुलूप घातल्यासारखं ताठ करतो आणि स्ट्रिंग गालात रुतवतो. गालानं ढकललेली स्ट्रिंग सुटताना सरळ जात नाही. उजव्या हाताच्या नेमबाजात लेफ्ट टिअरचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. बाण कमजोर, म्हणजे जास्त वाकणारा, असला तरी तसंच होतं, पण याचे शाफ्ट (बाणाच्या कांड्या) ३४० चे, म्हणजे गरजेपेक्षा कडकच. बाणावर खापर फोडता येत नव्हतं.

याच्या कॅमला ड्रॉ लेंग्थ बदलणारं, फिरणारं मॉड्यूल होतं. ॲलन कीनं स्क्रू सैल करायचे, खूण २७.५ वर आणायची. दोन्ही कॅमवर सारखी, आणि ड्रॉ स्टॉपही त्याच आकड्यावर. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि लोक इथंच थांबतात. ड्रॉ बदलला की पीपची उंची बदलते, वजन पुन्हा मोजावं लागतं, आणि ड्रॉप-अवे रेस्टची (बाण सुटताच खाली पडणाऱ्या बाणाच्या टेकूची) दोरी पुन्हा बांधावी लागते. ती दोरी खाली येणाऱ्या केबलला बांधलेली असते. रेस्ट ड्रॉच्या शेवटच्या इंच-दीड इंचात पूर्ण उभी राहिली पाहिजे. जुन्याच गाठीवर ठेवली तर छोट्या ड्रॉमध्ये ती अर्धवटच उठते, आणि मग माणूस पुन्हा शिमच्या मागं लागतो.

दोन्ही कॅमचे शिम मूळ जागी घातले. रेस्ट रायझरपासून (बोच्या मधल्या दांड्यापासून) १४ मिलिमीटरवर आणून ठेवली होती. लेफ्ट टिअरला रेस्ट उजवीकडं सरकवतात, म्हणून मामा रोज थोडी सरकवत गेले. कागदावर भोक सुधारत गेलं आणि ५० मीटरवर बाण टार्गेटच्या उजव्या कडेला गेले. २० ला मध्यात, ५० ला वीतभर उजवीकडं. साइट हलवून हे जात नाही, कारण बाण निघतोच तिरका. रेस्ट मी २१ मिलिमीटरवर, म्हणजे १३/१६ इंचावर आणली, नॉक पॉइंट (स्ट्रिंगवर बाण अडकतो ती जागा) काटकोनात घेतला, पिसांवर टाल्कम पावडर मारून कुठं घासतंय का पाहिलं. रेस्टवर पावडर आली नाही.

आता कागद. जुन्या फोटोफ्रेमवर वर्तमानपत्र ताणून लावतो आणि दोन मीटरवरून बाण सोडतो. टोकाचं गोल भोक आणि पिसांचे तीन चिरे यांच्यातलं अंतर मोजायचं. मी सोडला तेव्हा गोल भोकावर तीन चिरे नीट बसले. पोरानं सोडला तेव्हा चिरे डावीकडं अर्धा इंच. आला तेव्हा दीड इंच होतं. पुन्हा मी, पुन्हा तो. माझा ड्रॉ त्याच्याएवढाच आहे. बो तोच, बाण तोच, फरक हातात.

हात बघितला तर अंगठ्याच्या मुळाशी टेकायच्या ऐवजी ग्रिप तळहातात भरलेली, आणि बाण सुटताक्षणी बोटं मिटून बो पकडलेला. बो बोटांना अडकवून ठेवणारी फिंगर स्लिंग नव्हती. महागाची वस्तू हातातून पडेल या भीतीनं पोरगं पकडणारच. मी स्लिंग दिली, बोटांची पेरं ४५ अंशांत ठेवायला सांगितली. टिअर थोडा कमी झाला, पण गेला नाही.

मामांना स्वच्छ भोक हवं होतं, व्हिडिओसाठी. रेस्ट दीड मिलिमीटर उजवीकडं घेतली असती तर ते मिळालं असतं. मी घेतली नाही. पिसं चूक सावरून घेतात, बिनपिसाचा बाण ती उघडी पाडतो; तो २० मीटरवर पिसांच्या बाणांच्या चार बोटं उजवीकडं लागत होता, म्हणजे कागद खरं सांगत होता. पण पिसांचे बाण २० पासून ५० पर्यंत एका उभ्या रेषेत पडत होते. ५० वर ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर बहुतेक पिवळ्यात, काही लाल कडेला.

मामांच्या आणि माझ्या बोलण्यातला घोळही इथंच आहे. तिकडचा शिकारी ट्यूनिंग करतो ते एका बाणासाठी. रुंद पात्याचा ब्रॉडहेड आणि साधं टोक एकाच ठिकाणी लागलं पाहिजे, वीस-तीस यार्डावर, थंड हातानं. पातं हवेला धरतं, म्हणून त्याला कागदावरचा पाव इंचही खुपतो. आपल्याकडं शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळरानाला लागून राहणाऱ्यांनी तरी हे वेगळं सांगायला नको. मामांनी ब्रॉडहेडबद्दल सहज विचारलं, तेव्हा मी विषय तिथंच तोडला. इथं पोराला ७२ बाण मारायचेत, उन्हात, साध्या टोकानं. त्याला गट हवा, आणि बाहेरच्या बाणाला माफी हवी. ८५ टक्के लेट-ऑफचा, म्हणजे पूर्ण ओढल्यावर तेवढा भार कमी होणारा, बो धरायला सोपा, पण भिंतीवर मागे ओढून धरायचा विसर पडतो, म्हणून टार्गेटवाले ६५-७५ पसंत करतात. हे शिकारी मालकांच्या मतांमध्ये सापडणार नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

तरीही दुसरी बाजू मला खोटी पाडता येत नाही. बो नेमबाजाचा असतो, ट्यून करणाऱ्याच्या हातातलं भोक कुणाच्या कामाचं? तिशीतला माणूस असता, हात बसलेला, तर मी त्याच्या टॉर्कवरच, म्हणजे हातानं बो पिळण्याच्या सवयीवरच, रेस्ट लावली असती आणि दोनदा विचार केला नसता. इथं पोरगं वाढतंय. आज त्याच्या चुकीवर बो बसवला, तर उद्या कोच ग्रिप सुधारेल तेव्हा बो बिघडल्यासारखा वागेल, आणि पोरगं सुधारलेली ग्रिप सोडून जुनीवर जाईल. असं झालेलं पाहिलंय. पण ट्रायल्समध्ये गुण आजच्या हाताचे लिहितात, हेही तितकंच खरं.

रेस्टवर पांढऱ्या मार्करनं खूण केली. मॉड्यूल, पीपची उंची, दोन्ही ॲक्सलमधलं अंतर, वजन हे सगळं चिकटपट्टीवर लिहून लिंबच्या आत लावलं, म्हणजे उन्हानं काही हललं तर कळेल. रोज सरावाच्या सुरुवातीला तीन बिनपिसाचे बाण २० मीटरवर मारायचे आणि अंतर वहीत लिहायचं, असं पोराला सांगितलं. अंतर कमी होत गेलं तर रेस्टला हात नाही. तीन आठवड्यांत चार बोटांवरच राहिलं, तर अर्धा-अर्धा मिलिमीटर उजवीकडं.

काल मामांचा मेसेज आला: नवीन रेस्ट मागवू का? सोबत कागदाचा फोटो, अर्धा इंच डावीकडं. मी वहीचा फोटो मागितला. पहिल्या दिवशी चार बोटं, नंतर तीन, पुन्हा चार, काल अडीच. आणि ट्रायल्सना आता अकराच दिवस आहेत.